डेन्मार्क आणि दत्ताचा ब्रेक

हे किस्से मी इतक्या वेळा सांगितलेत, की मूळचं किती आणि माझ्या पदरचं किती, याची खात्री आता देता येत नाही. निवृत्तीनंतर सणसवाडीच्या एका कारखान्यात तीन वर्षं सल्लागार होतो. सल्ला कुणी घेतला नाही, किस्से मात्र साठत गेले.

माझी पीएच.डी. युरोपातल्या नोकऱ्यांवर. पहिल्याच दिवशी कामगारांना सांगितलं, "डेन्मार्कमध्ये मालक माणसाला सहज काढू शकतो. पण मग त्याला भत्ता मिळतो, नवं काम शिकवतात."

केंदूरचा दत्ता उठला. "सर, हितंबी सहजच काढत्यात. म्हंजी निम्मं डेन्मार्क झालंच की!"

*

दत्ता कंत्राटी ऑपरेटर. दर सात महिन्यांनी त्याला पंधरा दिवसांचा 'ब्रेक'. सलग नोकरी दिसली तर पर्मनंट करा म्हणेल ना! सहा वर्षं तो दर वेळी नवा कामगार म्हणून भरती व्हायचा. एकदा तर तो रोज चालवायचा त्याच मशीनचं त्याला ट्रेनिंग दिलं. शिकवणारा मधेच अडला. दत्ता म्हणाला, "असू द्या सर, पुढचं मी सांगतो!"

*

जर्मनीत मंदी आली की माणसं काढण्याऐवजी कामाचे तास कमी करतात आणि बुडालेल्या पगाराचा बराच भाग सरकार भरतं, असं मी अहवालात लिहिलं. एचआरचे साहेब खूश. "सर, तास कमी करायची आयडिया भारी!"

पुढचं पान त्यांनी उलटलंच नाही. सरकारचं वाक्य मी पुढच्या पानावर का टाकलं, हे मला अजून खातं.

*

"ब्रेकमध्ये तुम्हाला कोण सांभाळतं?" मी कँटीनमध्ये विचारलं.

"सासरा," दौंडचा एक फिटर म्हणाला. "आठव्या दिवशी त्येचंबी तोंड वाकडं होतं. डेन्मार्कात सासरं नसत्यात का, सर?"

*

एकदा दत्ता ब्रेकवर, आणि चार नंबरचं मशीन बंद. कुणालाच जमेना. गाडी केंदूरला गेली, त्याला कांद्याच्या वाफ्यातून उचलून आणलं. पण कामगार म्हणून आत घेतला तर ब्रेक मोडतो! मग गळ्यात व्हिजिटरचा पास घातला. तासाभरात मशीन सुरू. साहेब म्हणाले, "अरे, व्हिजिटरला चहा द्या!"

मी तिथंच होतो. चहा मीही घेतला.

पुढं दत्ताला कायमचंच घरी बसवलं. ब्रेकमध्येही कामाला बोलावलं, म्हणजे नोकरी सलगच, असं म्हणत तो कोर्टात गेला. कंपनी म्हणाली, ब्रेकमध्ये तो कधी आलाच नाही. ऐकून मलाच शंका येऊ लागली, की हा किस्सा मी रचला की काय.

काही वर्षांनी त्याच्या वकिलांकडे गेटच्या रजिस्टरची झेरॉक्स पाहिली. दत्ताचं नाव, गाव, वेळ, सगळं होतं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात वॉचमननं लिहिलं होतं: मशीन नंबर चार.