मावशीची घरची पेन्शन

दुसऱ्यांच्या म्हातारपणावर बोलायला माणूस स्वतः पेन्शनर असावा लागतो, हे मला सोलापुरात कळलं.

तिथं एक निवृत्त मामलेदार होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. उन्हाळ्यात सात रस्त्याजवळ व्याख्यानं होत, त्यात त्यांचा विषय होता देशोदेशींचं म्हातारपण. मी म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून मला आमंत्रण. मावशी आमच्या शुक्रवार पेठेतच एका खोलीत एकटी राहायची, तिलाही घेऊन गेले. कुठून बुद्धी झाली कोण जाणे!

मावशीला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर वैरागचं सासर सोडून ती गिरणीत लागली, रिळावर सूत भरायच्या खात्यात. धागा तुटला की गाठ मारायची, हे तिचं काम. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि धागा दिसेनासा झाला होता. मग तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका, त्यातली एक तेलुगू बोलणारी, आपलं काम करता करता हात लांबवून हिच्याही गाठी मारायच्या. मुकादमाला पत्ता नाही. मावशीची भाकरी त्या दोघींच्या बोटांवर चालली होती.

तर रावसाहेब म्हणाले, जर्मनीत मजूर, मालक आणि सरकार तिघं मिळून मजुराच्या म्हातारपणाची सोय करतात. विलायतेत म्हाताऱ्यांना, विधवांनासुद्धा, दर आठवड्याला पोस्टात पैसे मिळतात. मला वाटलं, वा! आता हे विचारणार, तिथला नि इथला राजा एकच, मग आमच्या म्हाताऱ्यांनी काय पाप केलंय? कसलं काय! "त्या बिचाऱ्यांना घर नाही, म्हणून सरकार लागतं. आपलं एकत्र कुटुंब हीच आपली पेन्शन. असले कायदे आपल्याला नकोत!" टाळ्यांचा कडकडाट. वाजवणारे निम्मे सरकारी नोकर, स्वतःची सोय झालेले. इथं राज्य करून मायदेशी परतलेल्या गोऱ्या साहेबांची पेन्शन आमच्याच शेतसाऱ्यातून समुद्रापार जाते, त्यावर मात्र अवाक्षर नाही. तिथं बरी जीभ टाळ्याला चिकटली!

मी चडफडत होते आणि मावशी परतताना म्हणते, "खरं हाय की गं. वैरागला माजं घर हाय. मी उगंच हितं डोळं फोडून घ्यायलीया."

"मावशी, त्या माणसाचं काही ऐकू नकोस."

"येवढा शिकलेला माणूस खोटं बोलंल व्हय?"

चार दिवसांनी मला न सांगता तिनं मुकादमाला रामराम केला. कुणी काढली नव्हती हो तिला! तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी बाई उभी, आणि ही सर्व्हिस मोटारीनं वैरागला, घरच्या पेन्शनीवर.

दिरानं वकिलाकडून सगळं नीट समजून घेतलं होतं. एकत्र कुटुंबात विधवेला जमिनीत वाटा नाही, फक्त अन्नवस्त्र. कायदाच तसा. आमच्या थोर कुटुंबाला सरकारचा हा एक कायदा बरा चालत होता! अन्नवस्त्रही फुकट नव्हतं, शेरडं राखायची होती. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तर मावशी माळावर उभी. मी हाक मारली तेव्हा तिनं ओळखलं. गुडघे फुटलेले, पायात काटे मोडलेले. "शेरडं दिसत न्हाईत गं," म्हणाली, "वरडली की त्येंच्या मागनं जाती." मला तिथंच रडू कोसळलं. त्याच संध्याकाळी तिला घेऊन आले.

गिरणीनं पुन्हा दारात उभं केलं नाही. ती माझ्या खोलीत राहू लागली. माझी नोकरी तरी कायम कुठं होती? उद्या मला काढलं तर दोघींनी काय खायचं, हा घोर मला झोपू देईना.

शेवटी न राहवून मी रावसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. म्हणाले, "बाई, तुम्ही आणलंत ना तिला घरी? मग माझंच म्हणणं खरं ठरलं."

"आणि म्हातारपणी मला कोण घरी आणणार?"

"लग्न करा की वेळेवर," असं म्हणून हसले. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

पुढं आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला अध्यक्ष म्हणून हेच हजर. मावशी माझ्या शेजारी बसली होती. बोलता बोलता ते म्हणाले, "याच शहरातली एक निराधार वृद्धा. दिरांनी तिला सन्मानानं घरी नेलं. दूधदुभतं, सुनांची सेवा, कशाची उणीव नाही. पण इथं भाचीला करमेना! तिनं हट्टानं परत आणली, आणि आज ती म्हातारी लेकीच्या घरी राहावी तशी सुखात आहे. सांगा, कुठल्या सरकारनं दिलं असतं हे?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनंही वाजवल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कोन गं ती म्हातारी? लई नशिबाची हाय की."