बिज्जूचा पाय पाहायला आलेले नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. पाचोऱ्याहून आई एवढंच म्हणाली, "तुझे नाना गेले गं..." त्याला आता पाच आठवडे झाले. नाना म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या वडिलांच्या वाट्याला गावातली मेलेली ढोरं ओढायचं, सोलायचं काम आलं होतं. धम्म स्वीकारला तेव्हा त्यांनी ते सोडलं आणि लहानग्या नानांना बजावलं, आपल्या घरात मेल्या जनावराला आता कोणी हात लावणार नाही. नानांनी तो शब्द पाळला. रेल्वेत रुळांच्या कामावर गँगमन म्हणून राबले आणि मला घरातली पहिली पदवीधर केलं.

म्हणूनच माझ्या संशोधनाचा विषय मी त्यांच्यापासून लपवला. "प्राण्यांचा अभ्यास करते," इतकंच सांगायची. यावलजवळ गाडीखाली मेलेला एक बिज्जू वनखात्याच्या परवानगीनं आम्हाला मिळाला होता. पाठ राखाडी-पांढरी, बाकी काळा, मांस खाणारा, बिळं खणणारा रानटी प्राणी. त्याच्या पुढच्या पायाचा एकेक स्नायू मी सोडवून नोंदत होते. एका साखरपुड्यात माझा आतेभाऊ नानांसमोरच हसत म्हणाला, "नाना, तुमची नात एवढी शिकली नि परत ढोरंच फाडते." नाना तिथून उठले. जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी बसनं एकटे धुळ्याला आले, थेट प्रयोगशाळेत. पाय ट्रेमध्ये उघडाच होता. मला वाटलं, संपलं आता माझं शिक्षण...

"कोनी सांगं तुले हाई काम?"

"कोणी नाही, नाना. मीच मागून घेतलं."

"नही म्हनती तं चालतं?"

"चाललं असतं."

ते ट्रेच्या अगदी जवळ आले. मग म्हणाले, "दखाड मंग. बठ्ठं दखाड."

मी सगळं दाखवलं. दंडामागचा जाडजूड स्नायू, त्याला पकड देणारं कोपराचं मागे निघालेलं हाड, लांब नखं वळवणाऱ्या दोरीसारख्या कंडरा. स्नायू ओढला तसा पाय सरळ झाला, आणि नानांनी शर्टाच्या बाहीवरून स्वतःचा दंड चाचपला. "इतलासा जीव, अन् दंड गँगमनना शे," म्हणाले. तासभर उभे होते. प्रत्येक स्नायूचं नाव विचारत होते, पुटपुटून पाहत होते. मी इतकं मन लावून आजवर कोणाला शिकवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात कामावर परतले, तर आमच्या शिपाईकाकांनी भेटीचं रजिस्टर काढून त्या दिवसाचं पान समोर ठेवलं. नानांनी येताना नाव लिहून कारणाचा रकाना कोराच सोडला होता म्हणे. काकांनी विचारलं तर म्हणाले होते, "मंग लिखसू." तो त्यांनी जाताना भरला. दाबून काढलेली, थोडी तिरपी अक्षरं आहेत... 'नातीचं काम पाहिलं.'