चूक माझी, बोलणी बाबांना

मंडळी, आज स्वतःचीच फार लाज वाटतेय.

बाबा झाडं छाटायची कामं घेतात, मी मदतीला असते. इचोड्याला ढाब्यामागची चिंच छाटायची होती. दोरीला वाळूची पिशवी बांधून ती उंच फांदीवरून टाकायचं काम माझं. नेम सारखा चुकत होता, ट्रकवाले हसत होते. शेवटी दोरी एका वाळक्या फांदीवर पडली. घाईघाईत तिच्यामागून चढायचा दोर ओढून घेतला.

बाबांनी विचारलं, "फांदी टिकते का, दोराला लटकून पाह्यलं का बाई?"

"हो," मी खोटंच म्हटलं.

बाबा हातभर चढले आणि फांदी मोडली. लागलं नाही. पण ढाबेवाला म्हणाला, "काका, वय झालं तुमचं! काऊन चढून राह्यले?"

"हो, माझंच चुकलं," बाबा म्हणाले.

मी खाली वाकून दोर गुंडाळत राहिले. आता ढाबेवाला या कामाला दुसरा माणूस बघतोय. सकाळी जाऊन ढाबेवाल्याला खरं सांगणार आहे.

तुमच्यासाठी कुणी असं ऐकून घेतलंय? तेव्हा तुम्ही बोललात का?