दाराशी टेकवलेली बॅग

दुपारी चहा घेऊन गेले, तर लेकीच्या खोलीचं दार उघडेना. आतून तिची चाकांची बॅग दाराला टेकवलेली. विमानात नोकरी करणारी माझी लेक कालच सुट्टीवर आलेली.

"सवय गं, आई," ती डोळे चोळत म्हणाली. "परगावच्या हॉटेलात कडी लावूनही बॅग दाराशी ठेवते. कुणी दार ढकललं तर जाग येते."

कंपनी चांगलं हॉटेल देते, न्यायला गाडी पाठवते. तरी शेवटची राखण त्या बॅगेकडेच. मला वाटायचं, पोरगी जगभर फिरते. ती तर जगभर दारं लावत फिरते आहे.

तिसऱ्या दुपारी दार सताड उघडं होतं. बॅग कोपऱ्यात, पोरगी गाढ झोपलेली. मी चहा परत नेला आणि मेथीची जुडी घेऊन तिच्या उंबऱ्याशी निवडत बसले.