गाठ नसलेला डबा

आमच्या वनउद्यानात पहिला डबा सापडला तेव्हा सगळं गाव पळालं, आणि त्यांच्या पुढे मी पळाले. अंगावर खाकी गणवेश असूनही पळाले. आता हे हसत सांगते, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

उद्यान धानोऱ्याच्या पुढे, रस्त्याला लागून आहे. ऐन, बेहडा, तेंदू आणि मोहाची जुनी झाडं, मधून पायवाटा, एक तळं, दोन-चार बाकं. मी तिथली वनरक्षक. त्या दिवशी गावातली एक वयस्क बाई तिच्या मोहाखालचा पालापाचोळा झाडत होती. मोहफुलं टपकायला लागायच्या आधी झाडाखालची जागा अंगणासारखी साफ करायची रीत आहे. झाडता झाडता खराट्याला पत्र्याचा डबा लागला, अर्धा मातीत पुरलेला.

आमच्या भागात अनेक वर्षं रस्त्यांत सुरुंग पुरले गेले. पुरलेला डबा दिसला की काय करायचं, हे इथे शाळेत जायच्या आधी कळतं. बाईने खराटा टाकला आणि ओरडली, "पळा वं, पळा! डब्बा हाय!"

पोलीस आले, बॉम्बशोधक पथक आलं, रस्ता अडवला गेला. दुपारभर उन्हात उभं राहिल्यावर डबा उघडला तर आत एक पेन्सिल, एक वाघाची किल्लीसाखळी, लहान मुलांचा चेंडू आणि सह्या केलेली कागदाची गुंडाळी निघाली.

तो खेळ होता. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. एकाने डबा लपवायचा, ती जागा मोबाईलवर टाकायची, बाकीच्यांनी मोबाईल बघत बघत ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. चंद्रपूरच्या नोकरदार तरुणांचा एक गट सुट्टीच्या दिवशी येऊन आमच्याकडे डबे लपवून जात होता, आणि मला पत्ता नव्हता. मला वाटायचं, काय निसर्गप्रेमी मंडळी आहेत!

खात्यातले मोठे साहेब दुसऱ्याच दिवशी हजर झाले. "खेळ बंद," ते म्हणाले. "आणि तुमच्याकडून सांभाळलं जात नसेल तर फाटकालाही कुलूप."

इथे माझं डोकं फिरलं. फाटकाजवळ गावच्या बायकांनी नुकतंच चहा-भज्यांचं दुकान टाकलं होतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या डब्यांपायी का होईना, बाहेरची माणसं पहिल्यांदा आमच्याकडे आपखुशीने येत होती. माझ्या सख्ख्या बहिणीला मी इथे बोलावलं की तिला नेमका त्याच वेळी ताप येतो. आमच्या जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांचे चेहरे उतरतात, हे मला मनापासून लागतं. आणि इथे तर ही पोरं बूट घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन, हसत येत होती. त्यांच्या तोंडावर फाटक बंद करायचं?

मी माजरीची, कोळशाच्या खाणीजवळ वाढलेली. खाणीच्या आवाजावर आवाज चढवत बोलायची सवय आहे. साहेबांना म्हणाले, "साहेब, मोहाचा हंगाम संपेपर्यंत मुदत द्या. मी नियम करते आणि ते पाळायलाही लावते. पुन्हा एकदा जरी गाव असं पळालं, तर कुलूप मी माझ्या हाताने लावीन."

साहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की कीव आल्याची, हे मी विचारलं नाही.

नियम केले. पत्र्याचा डबा चालणार नाही, आरपार दिसणारी बरणीच हवी. जमीन उकरायची नाही, झाडाला भोक पाडायचं नाही. मोहाखाली तर मुळीच नाही, कारण उद्यान झालं तेव्हा गावाने एकच अट घातली होती की मोहाची झाडं ज्या घरची त्याच घरची राहतील. बरणी लपवायच्या आधी मला दाखवायची. हे सगळं मोठ्या फलकावर रंगवून फाटकाशी लावलं. फलकासमोर उभं राहून लोकांनी फोटो काढले. वाचला एकानेही नाही.

मग मी शिट्टी घेऊन फिरायला लागले. घसा बसला. कुणाला बेहड्यावरून उतरवलं, कुणाला तळ्यातून बाहेर काढलं. आणि एवढं करून खेळणारे नेमके मोहाच्याच झाडांखाली गर्दी करायचे. मला काही उमगेना.

फुलं टपकायला लागली तशी ती खराटेवाली बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात खराटा तसाच.

"म्याडम, तुमचे पाहुणे माह्या झाडाखाली काऊन नाचून राह्यले? फुलांचा पार चिखल केला ना जी!"

मी तिच्याबरोबर गेले. चार तरुण तिच्या मोहाभोवती गुडघे टेकून बसले होते आणि मुळांमध्ये हात घालत होते. मला बघून त्यातला एक खूश होऊन म्हणाला, "मॅडम, खूण मस्त दिलीय तुम्ही! पण बरणी काही सापडत नाहीये."

त्याने बोट दाखवलं. मोहाच्या बुंध्याला गवताचा पेंढा पिळून गाठ बांधलेली होती.

आमच्याकडे ही गाठ म्हणजे मालकीची खूण. झाडाला गाठ दिसली की हे कुणाचं तरी आहे, हात लावायचा नाही. कुंपण लागत नाही, राखणदार लागत नाही. हंगाम आला म्हणून गावाने नेहमीसारख्या गाठी बांधल्या होत्या, आणि खेळणाऱ्यांना वाटलं की डबा इथेच आहे म्हणून आम्ही खूण करून ठेवली. जिथे येऊ नका म्हणून बांधलं तिथेच ते धावत येत होते.

पोरांना मी पिटाळलं. बाईला सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "गाठ म्हणजे मालक हाय, येवढं नाई समजत का त्याईले?"

"नाही समजत, बाई. त्यांना गाठ म्हणजे डबा वाटतो."

हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. गावाला गाठ दिसली की ते समजतात, याला मालक आहे, घाबरायचं कारण नाही. खेळणाऱ्यांना गाठ दिसली की ते समजतात, बरणी इथे आहे. मग गाठ बरणीलाच का बांधू नये? एकाच खुणेने दोघांचंही काम होणार होतं. मी जागच्या जागी टाळी वाजवली.

बाई मात्र भडकली. "आमची गाठ तुमच्या डब्ब्याले? नाई जमत."

आम्ही त्या मोहाखालीच बसून भांडलो. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गाठ ही काही शोभेची वस्तू नाही, तिच्यामागे माणूस उभा असतो. शेवटी तिने विचारलं, "गाठ कोन बांधन?"

"मी बांधीन. दुसरं कुणी नाही."

"मंग मालक तू. त्या डब्ब्यानं काई झालं तं तुह्यावर येईन."

इतके दिवस ती मला अहो-जाहो करत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हणाली, आणि मला फार बरं वाटलं. "येऊ दे माझ्यावर," मी म्हणाले. ती उठली आणि तिच्या मोहाची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. उद्यानातला कुठला मोह कुणाचा हे गावाला तोंडपाठ होतं, तिथे गाठ नसली तरी चालण्यासारखं होतं. तिच्यामागे बाकीच्या बायकांनीही सोडल्या.

मी नवा नियम केला आणि तो फलकावर न लिहिता फाटकाशी उभं राहून प्रत्येकाच्या तोंडावर सांगितला. गाठ असेल तिथेच बरणी. गाठ नसलेला डबा दिसला तर कुणी हात लावायचा नाही, सगळ्यांनी बाहेर, आणि पोलिसांना फोन. तो डबा ज्याचा निघेल त्याला पुढच्या मोहाच्या हंगामापर्यंत फाटकाच्या आत पाय ठेवता येणार नाही. मग तो कुणीही असो.

आणि जमलं! मोहाखाली बायका निवांत फुलं वेचू लागल्या. पलीकडे ऐनाच्या गाठीखाली बरणी सापडली की पोरं आरोळी ठोकायची आणि बायका मान वर करून हसायच्या. एकदा तर बाईनेच एका चुकलेल्या जोडप्याला हाक मारून सांगितलं, "इथी काई नाई जी, तिकडे पाहा, गाठ हाय!" मी तळ्याकाठी उभी राहून हे बघत होते आणि ऊर भरून आला होता.

हंगाम सरता सरता साहेब आले. साध्या कपड्यात, सकाळी सकाळी, आधी एकटेच फिरून मग माझ्याकडे आले. मी त्यांना गाठी दाखवल्या, बरण्या दाखवल्या. ते नुसतं "हं" म्हणत होते. फाटक उघडं राहणार की नाही, ते काही बोलेनात.

तेवढ्यात बाई चालत आली. चालत, पळत नाही. टोपली मागेच ठेवून आली होती. "म्याडम, बेहड्याखाली डब्बा हाय. गाठ नाई त्याले."

मी शिट्टी वाजवली. कुणी किंचाळलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. बायका भरल्या टोपल्या जागीच सोडून वाटेला लागल्या, खेळणारे त्यांच्या मागून. मी साहेबांबरोबर फाटकापर्यंत येऊन फोन काढला.

"फोन राहू द्या," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. तुम्हीही बाहेर चला."

"अहो, तो डबा माझा आहे." ते हसत होते. "मीच ठेवला मघाशी. गाव काय करतं ते बघायचं होतं."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. माझ्या माणसांच्या भीतीची परीक्षा घेत होते हे! फाटकाशी जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. साहेब मोठ्याने म्हणाले, "पास झालात तुम्ही! उद्यान सुरू राहील, खेळही सुरू राहील." बायकांनी एकच गलका केला. बाईने माझा हात घट्ट धरला, आणि रागातसुद्धा मला रडू फुटलं.

डोळे पुसले आणि साहेबांकडे वळले. "आभारी आहे, साहेब. तुमचा डबा तुम्हीच आणा."

ते गेले. बेहड्याखाली वाकले, स्टीलचा डबा उचलला आणि सगळ्यांच्या देखत परत आले.

"आता बाहेर," मी म्हणाले. "पुढच्या मोहापर्यंत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकांकडे पाहिलं, खेळणाऱ्यांकडे पाहिलं. कुणी खाली मान घालायला तयार नव्हतं. साहेब फाटकातून बाहेर पडले.

मी फाटक सताड उघडलं. लोक आत शिरले, बायका आपापल्या टोपल्यांकडे गेल्या. साहेब हातात डबा धरून रस्त्यावर उभे होते. मी आतून त्यांना कडक सलाम ठोकला.