कंपाउंडरीणबाईंनी लावलेला शेवट

भुताच्या गोष्टीत भीतीची जागा आली की वाचणारा आवाज चढवतो. कंपाउंडरीणबाई उतरवत. इतका उतरवत की अंगणात विड्या वळत बसलेल्या बाया हातातलं पान तसंच धरून पुढे झुकत आणि आठ-दहा सुपांमधली सळसळ एकदम थांबे. मी आत भांडी आवरत असले तरी मला ती शांतता कळे. माझ्या वाचनाने अशी शांतता एकदाही पसरली नव्हती. आज इतक्या वर्षांनी हे सरळ लिहिते आहे. तेव्हा मेले असते तरी कबूल केलं नसतं.

ही गोष्ट गोंदियातली, दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मी नागपूरची, मराठी सहावी झालेली. आमच्या गल्लीत वाचता येणारी बाई मी एकटी. माझा भाऊ नागपूरहून दर महिन्याला एक मासिक पाठवी, त्यात भुताखेतांच्या गोष्टी असत. जुन्या बाजारात मिळालेली भयकथांची पुस्तकंही तो धाडी. श्रावणात पोथी मी वाचायची, कोणाचं पत्र आलं तर मी वाचायचं आणि दुपारी आमच्या लिंबाखाली जमणाऱ्या विडीवाल्या बायांना गोष्टही मीच वाचून दाखवायची. सासूबाई खांबाला टेकून ऐकता ऐकता डुलक्या घेत. तो दोष मी त्यांच्या वयावर घालत असे.

मग शेजारच्या दोन खोल्यांत दवाखान्याचे नवे कंपाउंडर राहायला आले. त्यांची बायको तिशीची, ठेंगणी, दात किंचित पुढे, भंडाऱ्याकडच्या खेड्यातली. बोलणं पक्कं झाडीबोलीतलं. पहिल्याच दिवशी ती विरजण मागायला आली आणि कोनाड्यातलं पुस्तक पाहून विरजण विसरली.

"हे विहीरवाल्याचं होय ना वो वहिनी?"

मला काही कळेना. मग तिनेच उलगडा केला. तिच्या हाती आलेल्या पुस्तकांची पहिली पानं नेहमी फाटलेली असत, म्हणून लेखकांना तिने आपणच नावं ठेवली होती. ज्याची भुतं हटकून विहिरीतून निघतात तो विहीरवाला. जो भूत कधी दाखवत नाही, नुसती पावलं वाजवतो, तो पावलंवाला. मी म्हटलं, मला पावलंवालाच सगळ्यांत आवडतो. ती म्हणाली, "तो सोताच भेवते. म्हून दाखवत नाही."

मला राग आला आणि राग येता येताच हसू आलं. गोंदियात येऊन चार वर्षं झाली होती, पण माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून रोज सकाळी कुंपणापलीकडून हाक येऊ लागली, "वहिनी, सध्या काय चालू आहे?" मी पुस्तकाचं नाव सांगायची, ती कुठवर आलात विचारायची आणि पुढचं सांगू नका म्हणून बजावायची. माझी पुस्तकं तिच्याकडे, तिची माझ्याकडे, असं सुरू झालं. ते दिवस चांगले होते. ते फार टिकले नाहीत, आणि न टिकण्याचं कारण मी होते.

आमच्या मासिकात एक गृहस्थ टोपणनावाने लिहीत. तीन वर्षं मी त्यांच्या गोष्टी वाचत होते. तिने दोन वाचल्या आणि म्हणाली, "हा माणूस नाही, बाई आहे. चूल लिंपताना हात कुठं भाजते ते पुरुषाले कसं ठाऊक राहीन?" मी तिला वेड्यात काढलं. चार महिन्यांनी संपादकांनी छापलं की लेखक खरोखरच एक बाई आहेत. मी तो अंक तिला दिला. त्या पानाविषयी अवाक्षर काढलं नाही. तिनेही काढलं नाही. अंक परत करताना नुसती हसली. ते हसणं मला आठवडाभर टोचत राहिलं.

पुढे एका दुपारी माझा घसा बसला होता म्हणून मी तिला म्हटलं, आजच्या दिवस तुम्ही वाचा. तिने पुस्तक उघडलं, एक पान वाचलं आणि मिटून मांडीवर ठेवलं. पुस्तकातला पुण्याचा वाडा तिने जवळच्या दरेकशाच्या जंगलात नेला. दिंडी दरवाजाच्या जागी मोहाचं झाड आलं, वाड्यातला कारभारी जंगलखात्याचा नाकेदार झाला. फुलाबाईसकट सगळ्या बायांनी हातातल्या विड्या सोडल्या. सासूबाई टक्क जाग्या.

मी नंतर म्हटलं, "पुस्तकात असं नाही."

"नसन. पण या फुलाबाईनं दिंडी दरवाजा कधी पाह्यला? तिले जंगल ठाऊक आहे. जे ठाऊक आहे, त्याचंच भेव लागते."

दुसऱ्या दिवशी बायांनी तिलाच वाचायला सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. माझ्या घशाची चौकशी कोणी केली नाही. आठवड्याभरात सासूबाई जेवण झालं की विचारू लागल्या, "कंपाउंडरीण आली का गं?" ज्या बाईला मी चार वर्षं पोथी ऐकवली, ती आता दुसरीच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. लिंब माझा, अंगण माझं, मासिक माझं, आणि मी मात्र उंबऱ्यात. माझ्या अंगाचा तिळपापड होई, आणि तोंडाने मी म्हणे, "या बाई, बसा."

त्या वर्षी मासिकात विहीरवाल्याची एक लांब गोष्ट क्रमाने येत होती. एका घरात दुसरेपणाची बायको येते. पहिली विहिरीत बुडून मेलेली. नवी दळायला बसली की जात्याच्या पलीकडून बांगड्या वाजतात. अंगणातल्या बाया या गोष्टीच्या पार आहारी गेल्या होत्या. शेवटच्या भागाचा अंक आला, तो मी एका बैठकीत वाचून काढला आणि पेटीत लुगड्यांच्या खाली घालून ठेवला. कंपाउंडरीणबाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, "या खेपेला आलाच नाही. टपालात गहाळ झाला असेल."

ती म्हणाली, "असू द्या. येईन."

पंधरा दिवस बायांनी वाट पाहिली. मला वाटलं, आता हिच्याकडे सांगायला काही नाही. सोळाव्या दिवशी फुलाबाई म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगून टाका ना, पुढं काय होते?" आणि कंपाउंडरीणबाईंनी सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. भर दुपारी नवी बायको विहिरीवर जाते. आत वाकून म्हणते, "बाई, थकली असशीन. घरात चाल. अर्धं काम तुह्यं, अर्धं माह्यं." दुसऱ्या सकाळी नवरा उठतो तर जात्यावर दोन आवाजांत ओव्या चालल्या आहेत. दोघी त्याच्याकडे वळून बघतात.

"मंग?" फुलाबाईने विचारलं.

"मंग काय. आतापावतर बायांनी भेव खाल्लं. आता त्याले लागू द्या."

सगळ्या आधी हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. मी तिच्याकडे पाहत होते. तिच्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर चांदीचा एक लहानसा टाक होता. तो मी रोज पाहत आले होते आणि तो सवतीचा आहे, कंपाउंडरांच्या मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाने दुसरीने गळ्यात घालायचा, हेही मला ठाऊक होतं. पण ती त्या टाकाशी काय बोलत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. छापलेला शेवट माझ्या पेटीत होता: मांत्रिक येतो, विहिरीवर खिळा ठोकतो, भूत जातं. तिचा शेवट त्याहून चांगला होता, आणि हे कळणारी त्या अंगणात मी एकटीच होते.

इतकं कळूनही मी गप्प बसले नाही. तिसऱ्या दिवशी अंक घेऊन अंगणात गेले आणि म्हणाले, "आज आला. खरा शेवट ऐका आता."

सासूबाई खांबाजवळून म्हणाल्या, "आज कुठे? हा तर संकष्टीला आला. पोस्टमनकडून मीच घेतला होता."

कंपाउंडरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग मले काऊन नाही सांगितलं वहिनी?"

मी हातातल्या अंकाची पानं चाळू लागले. ती म्हणाली, "वाचा. आमाले बी ऐकू द्या." मला उभ्या उभ्या सगळा भाग वाचावा लागला. संपल्यावर फुलाबाई पान कापता कापता म्हणाली, "हे नाही पटून राहिलं. बाईचंच बरं होतं." माझी बाजू घेतली ती कंपाउंडरीणबाईंनीच. म्हणाली, "लिहिणाऱ्याचं बी चूक नाही. त्यानं त्याले जसं दिसलं तसं लिहिलं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती दुसऱ्या दिवशीही अंगणात आली, गोष्ट सांगितली, माझ्याकडून पाणी मागून प्यायली. पण माझ्याकडे पुस्तक पुन्हा मागितलं नाही, आणि सकाळची कुंपणावरची हाक बंद झाली. मी काय वाचते आहे हे जगात आता कोणालाच जाणून घ्यायचं नव्हतं.

वर्षभरात कंपाउंडरांची सालेकशाला बदली झाली. सामान गाडीवर चढत असताना मी म्हटलं, "पत्र टाका." ती म्हणाली, "टाकीन." तिने कधी टाकलं नाही. बायांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं, मी वाचलं, आणि महिन्याभरात एकेक करत सगळ्या दुसऱ्या अंगणात जाऊन बसू लागल्या.

पुढचा पावसाळा संपल्यावर मी वर्षभराचे अंक एका फडक्यात बांधले आणि सकाळच्या पॅसेंजरने सालेकशाला गेले. काय बोलायचं ते आमगाव जाईपर्यंत ठरवलं, नंतर मोडलं, पुन्हा ठरवलं. दवाखान्यामागच्या घरात कंपाउंडर एकटेच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिवतापात गेली. पोळ्याच्या आधी." मग ते दवाखान्यात गेले आणि मी गाठोडं मांडीवर घेऊन ओसरीवर बसून राहिले.

शेजारची एक गोंड बाई पाणी घेऊन आली. तिचं नाव सुकवारो. गाठोड्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही गोंद्याच्या वहिनी होय का? बाई सांगे तुमचं. म्हणे, वहिनी पुस्तक वाचते तसं मले कधी वाचता नाही आलं."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये.

मग सुकवारो आपणहूनच सांगू लागली. रोज दुपारी बाई इथे बसून गोष्टी सांगत. शेवटची तर कोणत्याच पुस्तकातली नव्हती, बाईंनी स्वतः रचलेली होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "कोणती? मला सांगाल का?"

"त्यात काय लपवाचं आहे? बसा."

दरेकशाच्या रेल्वेच्या बोगद्यात रुळांवर काम करताना एक गँगमन मरतो. त्याची बायको रोज दुपारी डबा घेऊन बोगद्याच्या तोंडाशी जाते आणि रिकामा डबा घेऊन परत येते. एक दिवस ती आजारी पडते आणि शेजारणीला म्हणते, आजच्या दिवस तू नेऊन दे. शेजारीण डबा घेऊन निघते. आत अंधार. तिथून कोणीतरी तिला तिच्या नावाने हाक मारतं.

"एवढंच सांगितलं," सुकवारो म्हणाली. "त्या रोजी बाईले ताप भरला. पुढं काय होईन वो? तुम्ही तर पुस्तकं वाचलेल्या."

मला पुढचं रचता आलं नाही; मी म्हटलं, पुन्हा एकदा सांगा. तिने ती गोष्ट मला दुसऱ्यांदा सांगितली, जशी बाई सांगे तशी, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली. अंक मी तिथेच ठेवून आले; वाचणारं कोणी नव्हतं, तरी ते परत न्यायचा धीर झाला नाही.

कंपाउंडरीणबाई गेल्याचं दुःख इतक्या वर्षांत बोथट झालं. पण आपली स्वतःची गोष्ट तिने मला नाही, सुकवारोला सांगितली, हे अजून सलतं.