फुकटची सिस्टिम आणि सासूबाईंचा आवाज

व्रतं करणाऱ्या बाईच्या घरी नारळ साठतात. आमच्या पिपरी मेघेच्या घरी या वर्षी नारळांबरोबर किस्सेही साठले. नारळांची बर्फी करता येते, किश्शांचं काय करायचं? म्हणून सांगून टाकते.

झालं असं, की घरचा जुना कॉम्प्युटर अगदी थकला. सकाळी चालू करावा, माझी पूजा आटोपावी, तरी गोल चक्र आपलं फिरतंच आहे! त्यात विंडोजचे अपडेट बंद झाल्याची पाटी रोज यायची. माझी सून श्वेता कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ती म्हणाली, "आई, मशीन चांगलं आहे. त्यात लिनक्स टाकू. फुकट मिळतं."

'फुकट' शब्द ऐकला आणि आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. "फुकट काऊन देऊन राह्यले? आपल्याशी त्याहीचं काय नातं?"

खरी भीती वेगळी होती. त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या सासूबाईंचा आवाज आहे. श्वेता लग्न होऊन आली, त्या वर्षी तिने त्यांच्या तोंडून महालक्ष्मीची कहाणी रेकॉर्ड केली होती. सासूबाई गेल्या, पण अजूनही महालक्ष्म्यांपुढे कहाणी त्याच सांगतात.

"मायचा आवाज गेला, तं तुहे लिनक्सवाले आणून देतीन का?" ह्यांनी विचारलं.

मी मनातल्या मनात गणपतीला पाच संकष्ट्या बोलले.

*

शेजारच्या कमलताई म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या. त्यांना ही बातमी कळायला अर्धा तास लागला.

"बनवलं कोणं हे?" त्यांनी श्वेताला विचारलं.

"जगभरच्या लोकांनी मिळून, काकू. ज्याला जे येतं ते त्याने केलं, कोणीही वापरावं."

मला ते फार आवडलं. मी म्हटलं, "भंडाऱ्यासारखंच झालं हो! कोणी तांदूळ देतं, कोणी लाकडं देतं, जेवतं सगळं गाव. तिथे कोणी विचारतं का, वरण कोणाच्या घरचं म्हणून?"

"मी विचारतो ना!" कमलताई म्हणाल्या. "मंग वाढून घेतो."

*

त्याच दिवशी जाताना कमलताई ह्यांच्या कानात सांगून गेल्या, "दिवाकरभाऊजी, फुकटचं हाये म्हणजे आतून कोणीतरी पाहून राह्यलं असंन."

दुसऱ्या दिवशी पाहते, तर स्क्रीनवरच्या कॅमेऱ्याला माझ्या हळदीकुंकवाच्या करंड्याचं झाकण चिकटपट्टीने लावलेलं!

"अहो, अजून लिनक्स टाकलंच नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच आता लावलं. आल्यावर लावलं तं त्याले वाईट वाटंन."

*

श्वेताने मग सोपा मार्ग काढला. म्हणाली, "बाबा, आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. मशीनमध्ये काहीच बदलत नाही. पेनड्राइव्ह काढला की पहिल्यासारखं."

"म्हणजे पोरगी पाह्यली, पोहे खाल्ले अन् कळवतो म्हणून निंगालो?"

"अगदी तसंच."

मग काय! हे रोज पेनड्राइव्ह लावायचे, पंचांग बघायचे, भजनं ऐकायचे, पत्ते खेळायचे आणि काढून कपाटात कुलपात ठेवायचे. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी श्वेताने हात जोडले.

"बाबा, तिच्या घरचे पोहे संपले! आता होकार तरी द्या, नाहीतर नाही म्हणा!"

*

होकार मिळाला, पण दोन अटी घालून. अमावस्या टळू द्यायची (ही माझी), आणि कहाणीच्या तीन प्रती काढायच्या (ही ह्यांची). श्वेताने तीन पेनड्राइव्ह भरून दिले. एक ह्यांनी कपाटात ठेवला, एक देवघरात ताम्हणाखाली. तिसरा कुठे ठेवला ते सांगायला तयार नाहीत.

"मलाही नाही सांगणार?" मी विचारलं.

"तुले सांगतलं तं गावभर होईन. तूच तं म्हणे, भंडाऱ्यात सगळं गाव जेवते!"

*

लिनक्स आलं. पहिल्याच दिवशी प्रिंटर जोडला आणि कसली सीडी नाही, काही नाही, लगेच आरतीचं पान छापून बाहेर! मी हात जोडले. ह्यांचे डोळे बारीक झाले.

"याले कसं माहीत, आपल्या घरी कोणता प्रिंटर हाये?"

त्याच संध्याकाळी श्वेताने हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि ह्यांना पासवर्ड टाकायला सांगितला. तिथे टाइप केलं तरी काहीच दिसत नाही, ठिपकासुद्धा नाही. ह्यांनी चारदा टाकला, कीबोर्ड उलटा करून झटकला.

"मी टाकतो अन् हे गिळते! पाह्य ना, ढेकरही देत नाही!"

*

आणि मग कहाणी लावून बघायची वेळ आली.

वरण-भात झाला होता, मी परातीत पोळ्यांची कणीक मळत होते. कमलताई 'सहज' मेथी निवडायला आमच्याकडेच आल्या होत्या. हे खुर्चीवर, हात माउसवर घट्ट.

"फक्त दहा सेकंद ऐकू," श्वेता म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

सासूबाईंचा आवाज आला. स्वच्छ!

श्वेता थांबवायला गेली, तर ह्यांनी तिचा हात धरला. "अर्ध्यात कहाणी थांबवतेत का?"

आमच्याकडे कहाणी सुरू झाली की मुठीत अक्षता धरायच्या आणि संपेपर्यंत उठायचं नाही. आता अक्षता कुठून आणायच्या? कमलताईंनी मेथीची पानं मुठीत धरली, मी कणकेचा गोळा. ह्यांच्या मुठीत माउस. बसलो तसेच.

कहाणी संपली. दर वर्षी इथे आम्ही अक्षता वाहतो, घंटा वाजते, आरती सुरू होते आणि त्या गजरात कोणीतरी कॉम्प्युटर बंद करतं. आज ना पूजा, ना आरती. कोणीच उठलं नाही. रेकॉर्डिंग पुढे चालूच राहिलं.

आधी खोकला आला. मग सासूबाई म्हणाल्या, "आला का वं श्वेता, माहा आवाज याच्यात? मले तं भरोसा नाई या डब्ब्याचा."

मागे नव्या नवरीचं हसू. "आला आजी. आता कायमचा."

"बरं. पण हे माह्या दिवाकरले देऊ नको. घडी घडी लावून बसंन, अन् तिकडे ताट थंडं होऊन जाईन त्याचं."

मग खट्ट असा आवाज झाला आणि थांबलं.

श्वेता तोंडावर हात ठेवून उभी. ह्यांनी माउस सोडला, उठले, स्वतःच पाट मांडला आणि मला म्हणाले,

"वाढ वं. गरम हाये तवर."